हाक मारून थांबणारा माणूस

आळंदच्या एका फ्लेक्सवाल्याच्या दुकानात मी उभा होतो. आमच्या तळपेठेच्या पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमांचा बोर्ड छापून घ्यायचा होता. दिव्यांची संध्याकाळ, शाळांच्या सहली, मधल्या झरोक्याच्या दुरुस्तीसाठी दोन दिवस बंद... मी सांगत होतो आणि तो कॉम्प्युटरवर अक्षरं लहानमोठी करत होता. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं सुभद्राक्का होत्या, माणिकअण्णांच्या पत्नी. "मास्तर, अण्णा गेले. चहा मागितला, आन् कप हातात घेतलाच न्हाई." एवढंच बोलल्या. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. मग फ्लेक्सवाल्यानं मान न वळवता विचारलं, "मास्तर, खाली संपर्क म्हणून नाव कुणाचं टाकू?" मी तसाच पैसे न देता बाहेर पडलो आणि स्टँडवर येऊन बसलो.

आज सहा आठवडे झाले. या पुरवणीसाठी अण्णांवर लिहा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. पण लिहायला बसल्यावर पहिली गोष्ट जी लिहायला हवी, तीच लिहवेना. ती आता लिहून टाकतो. त्या दिवशी स्टँडवरच्या बाकड्यावर बसल्यावर मला आधी दुःख झालं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. आता मला कुणी काही विचारणार नाही, असं वाटलं. दुःख त्यानंतर आलं, बस आमच्या गावाच्या शिवारात शिरल्यावर, आणि आलं ते लाज घेऊनच आलं.

तळपेठ ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आळंदहून उमरग्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. गावाच्या भाजीबाजाराखाली एक जुना रस्ता आहे, आख्खाच्या आख्खा. मध्ये दगडी गटार, दोन्ही बाजूंना कमानीची दुकानं, प्रत्येक दुकानापुढं बसायचा ओटा. कोणे एके काळी खंदक बुजवून गावाची पातळी वर उचलली, जुन्या पेठेवर कमानींचं छत घातलं आणि त्या छतावर नवा बाजार बसवला. वरची माणसं खालची पेठ हळूहळू विसरून गेली. बाजाराच्या रस्त्यात जाळी बसवलेले तीन गोल झरोके आहेत, त्यांतून खाली उजेड उतरतो. लहानपणी आम्ही त्या जाळ्यांतून खडे टाकायचो आणि खाली जुनी विहीर आहे असं समजायचो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी तुरीची पोती भरलेल्या ट्रकचं मागचं चाक त्या रस्त्यात खचलं आणि भगदाड पडलं. माणिकअण्णा तेव्हा अडत बाजारात हमाल होते. पोती उतरवायला आलेले हमाल भगदाडाभोवती गोळा झाले, आत उतरायला कुणी तयार होईना. अण्णांनी कमरेला दोर बांधला, मोबाइलची बॅटरी दातात धरली आणि उतरले. बराच वेळ आवाज नाही. वरच्यांनी दोर हलवला, ओढला. शेवटी अण्णांचं डोकं वर आलं, केसांत जळमटं, आणि ते म्हणाले, "खाली बी बाजारच हाय की रे! दुकानं हायेत, ओटे हायेत. गिऱ्हाईक तेवढं न्हाई."

पुढं पुरातत्त्व खात्याची माणसं आली, मोजमाप झालं, साफसफाई झाली, पायऱ्या बांधल्या, तिकीट बसलं. देखभालीसाठी गावाची समिती झाली. मी हायस्कूलवर इतिहास शिकवतो आणि मला अर्ज लिहिता येतात, म्हणून मी समितीचा सचिव झालो. चावी कुणाकडं द्यायची हा प्रश्न आला तेव्हा फार चर्चा झाली नाही. जो पहिला उतरला त्याच्याकडंच असू द्या, असं ठरलं. अण्णांनी हमाली सोडली आणि ते तळपेठेच्या दारात बसले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी दारामागच्या भिंतीत चाळीस खिळे ठोकले आणि प्रत्येकाला एक पितळी बिल्ला अडकवला. अडत बाजारातले हमालांचे जुने बिल्ले होते ते, नंबर कोरलेले, कुठूनतरी त्यांनी मागून आणले. खाली जाणाऱ्या प्रत्येकानं एक बिल्ला गळ्यात घालायचा, वर आल्यावर परत खिळ्याला लावायचा. पोरगं असो, म्हातारं असो, साहेब असो. चाळीस बिल्ले संपले की पुढच्यानं वर थांबायचं, आणि चाळीस खिळे भरल्याशिवाय कुलूप नाही. मला ही पद्धत जरा बाळबोध वाटली होती. मी तसं म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, माझा थोरला भाऊ बी हमालच व्हता. गोदामात पोत्यांची थप्पी कोसळली. संध्याकाळ झालती, समद्यांना वाटलं आत कोन न्हाई. कुलूप घातलं. सकाळी दार उघडलं तवा..." हातातला बिल्ला खिळ्याला लावला. नंतर हळूच म्हणाले, "कुणी एक हाक मारली असती तर बास व्हतं."

त्यामुळं खिळे भरले तरी अण्णांचं काम संपत नसे. पायऱ्यांच्या तोंडाशी उभं राहून ते आत तीन हाका मारायचे. आधी मराठीत, "आत कोन हाय का?" मग कन्नडमध्ये, "ओळग यारर अदीरेन?" आणि शेवटी दख्खनीत, "अंदर कोई हय क्या?" आमच्याकडं येणारा माणूस यातल्या एका तरी भाषेत घाबरतोच, असं त्यांचं म्हणणं. तिसरी हाक झाली की ते थांबायचे. दहा श्वास. मी एकदा घाई केली तेव्हा मला म्हणाले, "हाक मारून लगेच कुलूप घातलं तर ती हाक न्हाई मास्तर, नुसता आवाज झाला. आतल्या माणसाला तोंड उघडायला येळ द्यावा लागतो."

आणि त्यांचा फळा! दारात शाळेतून टाकून दिलेला एक काळा फळा त्यांनी आणून ठेवला होता. वर मी पेंटरकडून 'बातम्या आणि कार्यक्रम' असं लिहून घेतलं. कार्यक्रम मी सांगायचो, बातम्या अण्णांच्या. त्या ते रोज सकाळी तीन भाषांत लिहायचे, मराठी, कन्नड आणि उर्दूत. उर्दू ते अडतीवरच्या मुनीमजींकडून शिकले होते आणि उजवीकडून डावीकडं लिहिताना त्यांची जीभही त्याच दिशेनं गालात सरकायची. 'तिसऱ्या दुकानात पोळं बसलंय. माशांनी तिकीट काढलेलं न्हाई, तरी त्यांना हाकलू नये.' 'काल एक पैंजण सापडलं. ज्या पायाचं आसंल त्या पायानं यावं.' उन्हाळ्यात एकदा नुसतंच, 'आज कार्यक्रम न्हाई. तरी या. खाली गार हाय.' लोक तिकीट न काढता नुसता फळा वाचायला यायचे. मी खडू घेऊन त्यांची भाषा दुरुस्त करायला गेलो की म्हणायचे, "बातमी कळाली न्हवं? मग राहू द्या की. शाळा दहाला भरती तुमची, जावा."

माझ्या माहितीपत्रकात सुलतान होते, सावकार होते, घोड्यांचे व्यापारी होते. अण्णा लोकांना घेऊन खाली उतरले की आधी नवव्या दुकानाजवळ थांबायचे. तिथल्या ओट्याच्या कडेला एक गुळगुळीत खोबण आहे. "इथं घागर टेकवायचे पाणी आणणारे. किती पिढ्या टेकवली आसंल, दगूड झिजलाय. सुलतान एकदा आला आसंल, ह्यो माणूस रोज यायचा." मग बायकांना त्या खोबणीत हात घालायला सांगायचे. मी बी.एड. केलंय, पण मला ती खोबण आठ महिने दिसली नव्हती. पुढं मी ती माहितीपत्रकात घातली, 'निरीक्षणास आलेली' असं लिहून. कुणाच्या निरीक्षणास, ते लिहिलं नाही. तो माझा पहिला गुन्हा, लहान होता म्हणून लक्षात राहिला नाही.

बिल्ला मी कधीच घेतला नाही. सचिव होतो. रोज चार वेळा खालीवर करायचो. मी पायरीवर पाय ठेवला की मागून आवाज यायचा, "मास्तर, बिल्ला." मी हसून म्हणायचो, "अण्णा, मला कोण विसरणार?" त्यांनी चाळीस नंबरचा बिल्ला माझ्यासाठी म्हणून शेवटच्या खिळ्यावर ठेवला होता. फारच गर्दी झाली तरच तो दुसऱ्याला द्यायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तळपेठ खुली झाल्याचा वर्धापनदिन मोठा करायचं ठरलं. दारापुढं मांडव, माइक, आणि माणिकअण्णांचा सत्कार. सत्काराची सूचना माझीच होती. मला मनापासून वाटत होतं, हे इथं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं वाचून कुणाला ते खरं वाटणार नाही. दुपारी एका मोठ्या अधिकाऱ्यांचे पाहुणे आले, दोन गाड्या भरून, अकरा जण. त्यांना पेठ बघून संध्याकाळच्या आत गाणगापूर गाठायचं होतं. अण्णांनी बिल्ले पुढं केले. त्यातला एक गृहस्थ बिल्ल्यावरचा जुना शिक्का वाचून म्हणाला, "हमालाचा बिल्ला? आम्ही काय हमाल हाव का?" मग माझ्याकडं बोट केलं. "आन् ह्या साहेबांनी कुठं घातलाय?" सगळे हसले. मीही हसलो. "असू द्या अण्णा," मी म्हणालो, "पाहुणे हायेत." अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "मग मोजायचं कसं, मास्तर?" मी म्हणालो, "मी मोजतो की. अकरा."

मी मोजले नाहीत. ते खाली गेले आणि मी माइकची वायर कुठं तुटलीय ते बघायला गेलो. नंतर दोन्ही गाड्या गेलेल्या दिसल्या तेव्हा मी मनातल्या मनात अकरावर खूण केली. पाच वाजता अण्णा कुलूप लावायला आले. चाळीस खिळे भरलेले. ते पायऱ्यांच्या तोंडाशी उभे राहिले, हाकेसाठी छाती भरून घेतली, आणि मी त्यांचा हात धरला. "अण्णा, खिळे भरलेत. प्रमुख पाहुणे स्टेजवर बसलेत, तुमच्यासाठी थांबलेत. चला." ते म्हणाले, "दोन मिंट, मास्तर." मी म्हणालो, "रोजच मारताव की हाक, आज एक दिवस राहू द्या." आणि ओढलंच. त्यांनी कुलूप घातलं आणि माझ्यामागं आले. स्टेजवर त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा सारखे दाराकडं बघत होते. मला वाटलं, लाजायलेत.

साडेसातला फोन आला, गाणगापुरातून. गाड्यांतून सगळे उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं की कोंडाबाई नावाची त्यांची म्हातारी आत्या कुठल्याच गाडीत नाही. पहिल्या गाडीला वाटलं ती दुसरीत आहे, दुसरीला वाटलं पहिलीत. अण्णा शाल खांद्यावर तशीच ठेवून धावले. दार उघडल्यावर ते पायरीवरूनच ओरडले, "आत कोन हाय का?" आणि त्या काळोखातून आवाज आला, "हाय की रे बाबा, कवाची हाय!"

इतक्या वर्षांत अण्णांच्या हाकेला आलेलं ते एकच उत्तर.

गुडघा दुखत होता म्हणून म्हातारी तिसऱ्या दुकानाच्या ओट्यावर टेकली होती आणि तिचा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा सगळीकडं अंधार. तिला काही झालं नव्हतं. पिशवीतले दोन पेरू खाऊन, दत्ताचं नाव घेत बसली होती. आम्ही तिला वर आणलं तेव्हा ती बरी होती आणि अण्णा खालच्या पायरीवर बसून शालीत तोंड घालून रडत होते. "कामून रडायलास?" म्हातारीच त्यांना म्हणाली, "मी मेले का?"

कुणीतरी त्याचं चित्रण केलं होतं, ते रातोरात सगळ्यांच्या मोबाइलवर गेलं. चौकशीचं पत्र आलं. अहवाल सचिवानं द्यायचा असतो. मी लिहिलं : 'चावीधारक यांनी नेहमीप्रमाणे खात्री न करता प्रवेशद्वार बंद केले.' या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही, हे मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलो. ज्या माणसाचा भाऊ कुलपाआड गेला त्याच्यावर मी कुलपाची चूक लिहिली. अकरा जणांना बिनबिल्ल्याचं कुणी सोडलं आणि हाक मारणाऱ्याला कुणी ओढून नेलं, ही दोन वाक्यं मी लिहिली नाहीत. कारण शाळेत माझं पर्यवेक्षक म्हणून नाव लागायचं होतं, कारण ते अधिकारी संतापलेले होते, कारण... कारणं पुष्कळ आहेत, सगळी माझ्याच बाजूची.

अहवालावर अण्णांची सही हवी होती. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला आणि बोट फिरवत सावकाश वाचला. "बरुबर हाय," म्हणाले. सही केली. मग कागद माझ्या हातात देण्याआधी क्षणभर धरून ठेवला. "खाली बरीच जागा मोकळी राहिली, मास्तर." मी म्हणालो, "असू द्या." आणि कागद घेतला.

चावी गेली. अण्णांना बाहेर गाड्या लावून घ्यायचं आणि कडेच्या लिंबाच्या रोपांना पाणी घालायचं काम मिळालं. दारात मोजणारं यंत्र बसलं, बिल्ल्यांचे खिळे तसेच राहिले. फळा आत भिंतीला उलटा टेकवून ठेवला आणि माझा छापील फ्लेक्स आला. पण रोज संध्याकाळी बंद व्हायच्या वेळेला अण्णा हातातला पाइप खाली ठेवायचे, बाजाराच्या रस्त्यातल्या मधल्या झरोक्याजवळ जायचे, गुडघ्यावर बसून जाळीला तोंड लावायचे आणि खाली तीन हाका मारायचे. भाजीवाल्या बायका हसायच्या. "अण्णा, मशीन मोजतंय की आता!" अण्णा म्हणायचे, "मशीन मोजतंय खरं अक्का, पर त्याला हाक मारता येती का?" मग दहा श्वास थांबायचे. तो झरोका समितीच्या कचेरीच्या खिडकीसमोरच आहे. मी ती खिडकी लावून घ्यायचो. धूळ येते, असं सांगायचो.

एकदाच मी विषय काढला. पाऊस उघडला होता, टपरीवर आम्ही दोघंच होतो. "अण्णा, त्या दिवशी मी तुम्हाला..." मी एवढंच म्हणालो. त्यांनी मला हातानं थांबवलं. "मास्तर, तुमी माझा हात धरला व्हता, तोंड न्हाई. हाक मारायची व्हती तर मारता आली असती मला. शालीकडं बगत ऱ्हायलो मी बी. ते माझं मी बगितलं." बशीतला चहा संपवला. "तुमचं तुमी बगा." त्या बोलण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते माझ्या कपाकडं बोट दाखवून म्हणाले, "घ्या, गार व्हायलाय," आणि रोपांकडं गेले. माफ केलं की नाही केलं, मला कळलं नाही. मी सोयीनं ते माफीच धरलं.

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली, जाण्याआधी तीनेक आठवडे. पाय सुजले होते. खाटेच्या वर भिंतीवर निळ्या कोटातला तो सगळ्यांना माहीत असलेला फोटो, त्याच्या शेजारी बुद्धमूर्ती, आणि खाली खुंटीला ती सत्काराची शाल. घडी मोडून वापरलेली, कडेला पिवळी पडलेली. मी दोन वर्षांपासून तोंडाशी आलेलं बोलायचं म्हणूनच गेलो होतो. त्यांनी विचारलं, "पोळं हाय का तिसऱ्या दुकानात?" दिव्यांच्या कार्यक्रमासाठी ते पोळं मीच काढायला लावलं होतं, आठवडाही झाला नव्हता. मी म्हणालो, "हाय की." त्यांना बरं वाटलं. मग दुसरं काही बोलायला माझं तोंड उघडेना. उंबऱ्यापर्यंत आलो तेव्हा आतून आवाज आला, "मास्तर, बिल्ला घेत जावा."

अण्णा गेल्यानंतर सातव्या दिवशी त्यांच्या वस्तीच्या विहारात शोकसभा होती. वंदना झाली, तीन-चार जण बोलले, मीही बोललो. 'मनमिळाऊ' आणि 'कर्तव्यदक्ष' हे शब्द वापरले. मी खाली बसलो तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारी काठी टेकत माझ्याजवळ आली. कोंडाबाई. उमरग्याकडच्या त्यांच्या गावाहून दोन बस बदलून आल्या होत्या. मला माहीतच नव्हतं की गेली दोन वर्षं गाणगापूरला जाताना त्या अण्णांच्या घरी थांबायच्या, शेंगदाण्याची चटणी घेऊन. "तुमी तितले साहेब न्हवं?" त्यांनी विचारलं. "माणिक मला पयल्याच दिशी म्हणला, आत्या, मला माफ कर, मी हाक मारली न्हाई. मी म्हणलं, आरं हमालाच्या लेका, मला झोप लागली, तुजी काय चूक? तर म्हणला, चुका दोन हायेत. एक माजी. दुसरी ज्याची हाय, त्यो येऊन सांगल तुला." म्हातारीनं माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं. "मी वाट बगायले. अजून कोन आलं न्हाई. तुमाला म्हायती आसंल, कोन हाय त्यो दुसरा?"

विहारात माणसं होती, चहा फिरत होता, सुभद्राक्का दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. मला अजून एकदा 'न्हाई' म्हणता आलं असतं. आवाज फुटायला वेळ लागला, पण म्हातारी थांबली. "मीच," मी म्हणालो.

कोंडाबाई काही रागावल्या नाहीत. ज्या सुरात त्यांनी त्या दिवशी काळोखातून उत्तर दिलं होतं, त्याच सुरात म्हणाल्या, "मग कवाचा कुठं व्हतास रे बाबा?"

सुभद्राक्कांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. मला वाटलं त्या रडतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. त्यांनी माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि म्हणाल्या, "मला म्हायती व्हतं. ते काय सांगितले न्हाईत, पर न कळायला मी ल्हान पोरगी न्हाई. आता तोंडी नको, मास्तर. त्यांचं कागदावर लिवलं व्हतं न्हवं? तुमचं बी कागदावर लिवा."

मी जुना अहवाल काढला. सहीखाली खरंच बरीच जागा मोकळी होती. तिथं ती दोन वाक्यं लिहिली, सही केली आणि प्रती खात्याला आणि समितीला पाठवल्या. समितीत एक जण म्हणाला, "मास्तर, आता कशाला? गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" दुसऱ्यानं विचारलं, पर्यवेक्षकाची जागा जाईल, कळतंय का? कळतंय. खात्याचं उत्तर अजून आलेलं नाही. हा लेखही त्या कागदाचाच भाग समजावा. कोंडाबाई तळपेठेत कोंडल्या गेल्या, ती चूक आधी माझी होती. अण्णांनी आपली तेवढी उचलली होती, माझी तिथंच ठेवून दिली होती, दिसेल अशी.

भिंतीला टेकवलेला फळा मी पुसून दारात आणला आहे. पहिल्या दिवशी त्यावर लिहिलं, 'तिसऱ्या दुकानातलं पोळं सचिवांनी काढायला लावलं. माशा परत आल्या तर त्यांना हाकलू नये.' कन्नडमधलं शाळेतल्या बाईंकडून लिहून घेतलं, उर्दूतलं मुनीमजींच्या नातवाकडून. सुभद्राक्का भाजीला आल्या होत्या, त्यांनी तो वाचला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला थांबल्या.

संध्याकाळी खाली उतरताना मी शेवटच्या खिळ्यावरून चाळीस नंबरचा बिल्ला काढतो आणि गळ्यात घालतो. पितळ थंड असतं, थोड्या वेळानं अंगाइतकं होतं. यंत्र शून्य दाखवत असतं तरी नवव्या दुकानापर्यंत, तिथून शेवटच्या कमानीपर्यंत चालून येतो, वर येऊन बिल्ला परत खिळ्याला लावतो. मग पायऱ्यांच्या तोंडाशी उभा राहून हाक मारतो. मराठी हाक नीट जमते. कन्नड ऐकून भाजीवाल्या तोंडाला पदर लावतात. दख्खनीला माझा आवाज उगीच चढतो. तिसरी हाक झाली की थांबायचं. दहा श्वास. मी मनात मोजतो... सहाव्या-सातव्यालाच माझा हात कुलपाकडं जातो, आणि तो मला मागं घ्यावा लागतो.

अण्णा दोन वर्षं थांबले होते.